सरासरी तेहतीस अंश

संपादकांचा फोन आला. "ताई, दिवाळी अंकासाठी संगणक क्षेत्रातल्या तरुणीचे अनुभव हवेत. जरा प्रेरणादायी असू द्या. आणि कॉम्प्युटरसमोर बसलेला एक हसरा फोटो."

मी विचारलं, "मानधन?"

"अंक घरपोच मिळेल."

म्हणून फोटो पाठवलेला नाही. प्रेरणा ज्याची त्यानं शोधावी. मी जे काम करते ते काय असतं, एवढंच सांगते. त्या कामाच्या नावाखाली आमच्या जळगावात काय काय खपवलं जातं, तेही सांगते.

आधीच सांगून ठेवते, माझं लिहिण्याचं शिक्षण पत्रकांवर झालं. धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा कामगारांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं मी लिहायचे. पत्रकाचा नियम सोपा असतो. टपरीवर उभ्या माणसाचा चहा संपायच्या आत ते वाचून झालं पाहिजे, आणि उरलेला चहा त्याला कडू लागला पाहिजे. त्यामुळे 'माझ्या वाटचालीत अनेकांचा हातभार लागला' वगैरे वाक्यं मला येत नाहीत. हातभार लावणारे कमी भेटले, हात मारणारे जास्त.

पोटापाण्याची नोकरी जळगावात, एका फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानावर असलेल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. नातेवाईकांच्या मते मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे, म्हणजे मी प्रिंटर दुरुस्त करते. लग्नकार्यात लोक बाजूला घेऊन मोबाइल हँग होतो म्हणून सांगतात. खरं सांगायचं तर मी आकड्यांच्या चवडी रचते आणि कापते. धंद्यातला शब्द 'ॲरे'.

ॲरे म्हणजे काय, हे मी रावेरकडच्या मामाला केळीवर समजावलं होतं, तसंच इथे समजावते. ट्रकमध्ये घड असतात. घडात फण्या असतात. फणीत केळी असतात. 'सातव्या घडातली दुसरी फणी, तिसरं केळं' म्हटलं की अख्ख्या ट्रकमधलं एकच केळं उरतं. तीन अक्ष, तीन आकडे, एक पत्ता. केळ्याच्या जागी आकडा ठेवा, झाला तीन मितींचा ॲरे. चौथी मिती हवी असेल तर एकाऐवजी ट्रकांची रांग उभी करा. याहून अवघड त्यात काही नाही. जे अवघड करून सांगतात त्यांना त्याचे पैसे मिळतात.

फक्त एक गोम आहे. आम्ही वापरतो त्या पायथन भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला घड हा शून्यावा घड. मामा हे ऐकून गंभीर झाला. म्हणाला, "हे बाहेर बोलू नको बरं. व्यापाऱ्याला कळलं तर तो पहिल्या घडाचे पैसे देणार नाही."

आता सरासरी. हिच्यावरच अर्धा देश चालतो. ॲरेची सरासरी काढताना कोणत्या अक्षावर काढायची ते सांगावं लागतं. दर फणीची हवी, दर घडाची हवी, की काय? नाही सांगितलं तर पायथन सगळ्याचा काला करतो आणि एकच आकडा हातावर ठेवतो. कुरकुर करत नाही, उलट विचारत नाही. सरकारी नोकरीत असता तर बढत्या घेत वर गेला असता.

याचा पहिला धडा मला शिंदखेड्याच्या एका क्लासवाल्या सरांनी दिला. विद्यार्थी, विषय आणि चाचण्या असा वर्षभराच्या गुणांचा तीन मितींचा ऐवज घेऊन ते आले. म्हणाले, "फ्लेक्स लावायचाय. आमचे सगळे विद्यार्थी सरासरीच्या वर, असं दाखवा."

"सर, सगळे सरासरीच्या वर कसे असतील?"

"आमच्या क्लासात असतात."

"अहो, पण सरासरी त्यांचीच आहे ना!"

"मग दुसऱ्या क्लासची घ्या."

मी नाही म्हटलं. सरांनी कुठून तरी करून आणलं. प्रत्येक मुलाची वर्षातली सगळ्यात बरी चाचणी घेतली, आणि ती सगळ्या मुलांच्या सगळ्या चाचण्यांच्या सरासरीशेजारी उभी केली. मग काय, वर्गातला पंखासुद्धा सरासरीच्या वर. फ्लेक्स छापला आमच्याच खालच्या दुकानात. जिना उतरताना रोज त्या हसऱ्या पोरांचे चेहरे वाळत घातलेले दिसायचे. मी हसायचे. तोच खेळ डाळमिलच्या शेडमध्ये खेळला गेला तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मिलचं नाव लिहीत नाही. संपादकांना वकील परवडत नाही, हे मानधनावरून कळलंच आहे.

जळगावातली डाळ तुम्ही सगळे खाता. ती यंत्रातून सालं काढून, भरडून, चाळून येते. पण यंत्राच्या नजरेतून सुटलेले खडे आणि काळे दाणे शेवटी बायाच वेचतात. पत्र्याची शेड, जमिनीवर ताडपत्री, समोर डाळीचा ढीग, आणि दिवसभर मान खाली. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखाली काय होतं ते खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही, आणि खानदेशातल्याला सांगायची गरज नाही.

बायांची मागणी साधी होती. सकाळी सहाला काम सुरू करा, दुपारी बारा ते तीन सुट्टी द्या, संध्याकाळी उरलेलं करू. तेवढेच तास, तेवढीच डाळ. पुढाकार सुमनअक्काचा. अक्का मूळची धरणगावकडची, अहिराणी बोलणारी, पन्नाशीतली. तिचा आवाज शेडच्या या टोकाहून त्या टोकाला जातो आणि परत येतो. ती शेठला भेटली, तर शेठ म्हणाले, "डाळीला मुळात थंडावा असतो. तुम्ही नशीबवान आहात." म्हणून ती संघटनेकडे आली, आणि जळगावात संघटना म्हणजे रविवारी मी.

आम्ही अर्ज केला. कामगार खात्याच्या अधिकारी बाई बऱ्या निघाल्या. शेठना म्हणाल्या, "तुम्ही म्हणता थंड, त्या म्हणतात गरम. मोजा. आणि जे मोजाल ते दोघांनाही द्या." शेठनी पुण्याहून एक सल्लागार साहेब आणवले. साहेबांनी काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या चार पांढऱ्या डब्या आणल्या. दर तासाला तापमान आपोआप नोंदवणाऱ्या. 'प्रातिनिधिक ठिकाणी' बसवल्या, असं त्यांच्या अहवालात आहे. ती ठिकाणं अशी: एक शेठच्या केबिनमध्ये. एक गोदामात. एक फाटकाशी कडुनिंबाखाली. आणि एक निवडणीच्या शेडमध्ये, नजमाबी बसते तिथल्या खांबाला, हात पोचेल अशा उंचीवर.

नजमाबी जळगावातल्याच मेहरूणची. तिचे शोहर बँड पथकात वाजवायचे, ते गेल्यापासून ती याच मिलमध्ये. कमी बोलते. डाळीवरून तिचा हात फिरतो तेव्हा खडे आपणहून बाजूला होतात की काय असं वाटतं.

मोजणी सुरू होऊन दोन-अडीच आठवडे झाले असतील. भर दुपारी नजमाबी डाळीवरच आडवी झाली. बायांनी उचलून बाहेर नेलं, पाणी मारलं, रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं. ऊन लागलं होतं. तीन दिवसांनी ती कामावर गेली तर मुकादमानं फाटकातच अडवली. "मोजणी चालू आहे म्हणून मुद्दाम पडलीस. सोंग करणाऱ्या बाया शेठला नकोत."

नजमाबी घरी बसली. नोकरी गेलीच, पण वर गल्लीत नाव झालं, सोंग करणारी. जी बाई अंगात ताप असतानाही खाडा करत नव्हती, तिला शेजारणी विचारू लागल्या, "काय हो, किती मिळाले युनियनवाल्यांकडून?"

महिना संपला आणि अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत एक आकडा. सरासरी तापमान तेहतीस अंश. खाली निष्कर्ष: 'उक्त तापमानात उष्माघाताचा वा शुद्ध हरपण्याचा प्रकार संभवत नाही.' म्हणजे नजमाबी खोटी.

अक्कानं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. "तेहतीस? इतलं थंडं शे का आम्हनं शेडमा? मंग शेठले सांग, आम्हले स्वेटर दे."

मी रविवारी अहवालासोबत आलेली आकड्यांची फाइल उघडली. डबी, दिवस, तास. तीन अक्ष. तेहतीस कसा आला ते एका ओळीत कळलं. साहेबांनी अक्ष सांगितलाच नव्हता. सगळ्या डब्या, सगळे दिवस, दिवस आणि रात्र, सगळ्याचा काला. शेठच्या एसीचा थंडावा बायांच्या वाट्याला असा कागदावरच आला. मी केबिन काढून टाकली. गोदाम काढलं. कडुनिंब काढला. रात्र काढली, कारण रात्री शेडमध्ये फक्त उंदीर असतात आणि त्यांनी अर्ज केलेला नव्हता. उरली शेडची डबी आणि कामाचे तास. पायथनमध्ये ती तीन नंबरची, कारण पहिली शून्यावी. शून्यावी कोण ते सांगायला नको, केबिन!

पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं आता आकडा उडी मारेल. त्यानं मारली, पण खाली. अठ्ठावीस.

दुपारी दोनला कडुनिंबाखाली बेचाळीस, आणि पत्र्याच्या शेडमध्ये अठ्ठावीस. जळगावात शेठनी महाबळेश्वर वसवलं होतं आणि आम्हाला खबर नव्हती. मी पुढचे दिवस पाहत गेले. रोज तेच. सकाळी कामाची वेळ झाली की डबी थंड होते आणि सुट्टी झाली की हळूहळू तापते. आणि मग एका दिवशी अकरापर्यंत थंड, बाराला तेहतीस, एकला चाळीस, दोनला चव्वेचाळीस. त्यानंतर महिना संपेपर्यंत रोज दुपारी चव्वेचाळीस, पंचेचाळीस. परत कधी थंड नाहीच.

माझं डोकं फिरलं. शेठनं डबीत काहीतरी केलंय, आणि मधेच करायचं विसरलाय! मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. 'डाळमिलच्या शेडमध्ये चोरी! उन्हाची चोरी! मालकशाहीच्या हातचलाखीचा पर्दाफाश!' उद्गारचिन्हं इतकी की छापखान्याला खिळे कमी पडावेत. तशीच ते घेऊन मेहरूणला नजमाबीच्या घरी गेले. अक्का तिथेच होती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, आधीचे थंड आकडे आणि मधूनच गरम झालेले, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं दोघी उठून बसतील.

दोघी उठल्या नाहीत.

अक्कानं पदराशी चाळा केला. नजमाबीनं विचारलं, "बेटा, ती डबी थंड का दाखवायची?"

"तेच तर! शेठनं काहीतरी..."

"शेठनं नाही. मी ओलं गोणपाट टाकायचे तिच्यावर."

मी हातातलं पत्रक खाली ठेवलं.

मेमध्ये आमच्याकडे जे जपायचं असतं त्यावर ओलं गोणपाट पडतं. माठावर पडतं, दुधाच्या कॅनवर पडतं, नव्या बांधकामाच्या खांबाला गुंडाळतात, मोटारसायकलच्या सीटवरही टाकतात. कुणी सांगावं लागत नाही. नजमाबी म्हणाली, "मुकादम बोलला होता, हे मशिन लई महाग आहे, बिघडलं तर तुझ्या पगारातून कापीन. मी म्हटलं, एवढीशी डबी, दिवसभर पत्र्याखाली लटकतेय. गरम होऊन जळून जाईल. पाणी प्यायला उठले की तिच्यावरचं गोणपाट भिजवून यायचे."

"अहो, पण ती गरमी मोजायलाच लावली होती!"

"मला कुठं कुणी सांगितलं कशाला लावली? शेठचं मशिन होतं, शेठच्या कामाचं असेल."

मी अक्काकडे वळले. "अक्का, तुला माहीत होतं?"

"बठ्ठ्या बायास्ले माहीत व्हतं," अक्का म्हणाली. "तू इचारं कोठे?"

"पण तुला तरी कळायला नको? तूच तर अर्ज केलास!"

"मले काय माहीत, ती मुकीमुकी आकडे लिखी ऱ्हायनी ते? मले वाटनं, साहेब येई, काडी लावी, पाही." अक्का आता माझ्यावरच तापली. "अन् इतलं महागनं मशिन, त्याले ऊन लागी जातं ना! मंग भरतं कोन? तू?"

तापमापक यंत्राला ऊन लागू नये म्हणून त्याला पाणी पाजणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला कळवा. मी हसावं की रडावं या विचारात होते, तेवढ्यात नजमाबीनं विचारलं, "मग मधूनच ते गरम कधीपासून झालं?"

मी लॅपटॉप उघडून तारीख सांगितली.

"त्या दिवशी तर मी पडले."

अक्का ताडकन म्हणाली, "हाव! तेच गोणपाट काढीसन मी इन्हा डोकावर टाकं! थंडं व्हतं ना ते!"

मी पडद्यावरची ओळ पुन्हा पाहिली. अकराला थंड. बाराला चढतंय. गोणपाट डबीवरून निघालं आणि बाईच्या डोक्यावर गेलं, त्या तासाची खूण त्या ॲरेत होती. डबी क्रमांक तीन, अमुक दिवस, तास बारा. कोणत्या घडातली कोणती फणी, कोणतं केळं, इतका नेमका पत्ता. आणि तिला मुकादमानं परत घेतलं नाही म्हणून पुढचे सगळे दिवस गरम. त्या डबीला पाणी देणारं कुणी उरलं नव्हतं.

आता प्रश्न होता, सुनावणीत काय मांडायचं. अक्काचं मत पडलं की गोणपाटाचं नावही काढू नये, शेठ म्हणेल बायांनीच मशिनशी छेडछाड केली. मला ते पटलं. आणि माझ्याकडे सोपा इलाज होता. ॲरे कापायला दोन आकडे लागतात, कुठून आणि कुठपर्यंत. 'कुठून'च्या जागी नजमाबी पडली तो दिवस टाकला की आधीचे सगळे थंड दिवस गायब. पुण्याच्या साहेबांनी केलं तेच, फक्त आमच्या बाजूनं. आम्हा पत्रकवाल्यांना हे पापही वाटत नाही. पत्रक म्हणजे एक प्रकारची निवडणीच. फरक एवढाच की आम्ही खडे ठेवतो आणि डाळ फेकतो.

मी तसं दोघींना सांगितलं. नजमाबीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कागदावर मी पडायच्या आधीचे दिवस नसतीलच?"

"नसतील. गरज काय त्यांची?"

"बेटा, ते थंड आकडे माझे आहेत. मी पाणी घालत होते म्हणून ते थंड. ते काढून टाकलेस तर मी रोज तिथं बसत होते, काम करत होते, हे कोण सांगणार? मुकादम उद्या म्हणेल, ही बाई येतच नव्हती."

"पण शेठ तुमच्यावर उलटेल."

"उलटू दे. मला खोटी म्हणाला ना तो? मग मला खोटं वागायला लावू नको. बठ्ठं लिही." मेहरूणच्या नजमाबीनं अक्काचा अहिराणी शब्द उचलला होता, बठ्ठं म्हणजे सगळं. अक्कानं माझ्याकडे बघून मान हलवली. वाद संपला.

सुनावणीच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला शेठ, पुण्याचे साहेब आणि मुकादम. दुसऱ्या बाजूला आम्ही तिघी. मधे अधिकारी बाई. आधी साहेबांनी त्यांचा तेहतीस सांगितला. इंग्रजी शब्द इतके की अक्कानं मला कोपरानं ढोसलं, "हाऊ काय शिव्या दी ऱ्हायना का?"

मग मी लॅपटॉप फिरवला. आधी केबिन दाखवली. बाईंनी शेठकडे पाहिलं. शेठनी पंख्याकडे पाहिलं. मग शेडची डबी दाखवली, थंड दिवस आणि गरम दिवस दोन्ही, आणि तो बारा वाजताचा तास. सगळं सरळ सांगितलं. गोणपाटाचं, मुकादमाच्या धमकीचं, डोक्यावर टाकल्याचं. नजमाबी म्हणाली, "हो, मीच भिजवायचे."

शेठ खुर्चीतून उठलेच. "बघा मॅडम, बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय! माझ्या यंत्राला हात लावला! खोट्या नोंदी करवल्या! अहो, हिनं ते गोणपाट टाकलं नसतं तर त्या डबीनं रोज पंचेचाळीस दाखवलं असतं! पंचेचाळीस! ह्या बाईनं सगळी मोजणी बिघडवून ठेवली!"

पुण्याच्या साहेबांनी शेठच्या शर्टाची बाही ओढली. हुशार माणूस. पण उशीर झाला होता.

अधिकारी बाईंनी पेन उचललं. "शेठ, जरा सावकाश सांगा. गोणपाट नसतं तर शेडमध्ये रोज किती?"

शेठ पुन्हा खुर्चीत बसले.

"पंचेचाळीस म्हणालात ना? लिहून घेते."

मुकादम पुढे झाला. "मॅडम, शेठच्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता..."

"कसा होता?" अक्कानं विचारलं, शुद्ध मराठीत. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव शुद्ध वाक्य.

इतकी पत्रकं लिहिली, इतकी भाषणं ठोकली, पण मालकाच्या तोंडून आमचं म्हणणं इतक्या मोठ्या आवाजात मी कधीच वदवून घेऊ शकले नव्हते. ते काम ओल्या गोणपाटानं केलं. चळवळीतल्या ज्येष्ठांनी यावर शिबिर घ्यायला हरकत नाही.

निकाल लागला. उन्हाळ्यापुरती बारा ते तीन सुट्टी, 'प्रायोगिक तत्त्वावर'. म्हणजे ऊनही प्रायोगिक तत्त्वावर पडत असावं. नजमाबीला कामावर परत घ्यायचं, 'मानवतावादी दृष्टिकोनातून'. अक्कानं शेडमध्ये पेढे वाटले. शेजारच्या मिलमध्ये मात्र अजूनही बारा ते तीन बाया पत्र्याखाली बसतात, कारण तिथे कुणी डबी लावलेली नाही. त्यामुळे मला पेढा फार गोड लागला नाही.

नजमाबीनं पेढा हातातच धरला होता. म्हणाली, "बेटा, त्या कागदात आलं का, की मी सोंग केलं नव्हतं?"

मी कागद पुन्हा पाहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. सुट्टी होती, मानवता होती, प्रयोग होता. ते नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी म्हणे चळवळीची.

"नाही आलं," मी म्हटलं.

"मग तू लिही. तू ते पत्रकं लिहितेस ना."

मी बसले लिहायला. 'शोषण' आलं, 'मुजोर' आलं, 'भांडवलशाहीच्या भट्टीत' आलं. मी एकेक ओळ वाचायचे आणि ती म्हणायची, "हे काढ." भट्टी काढली. मुजोर काढला. उद्गारचिन्हं एकेक करून सगळी काढली. शेवटी कागदावर उरलं ते हे:

'नजमाबी डाळ निवडताना चक्कर येऊन पडली, त्या दुपारी तिच्या जागेवर चव्वेचाळीस अंश तापमान होतं. ती सोंग करत नव्हती.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. खाली माझं नाव टाक. तुझं नको."

मी आजवर लिहिलेलं सगळ्यात छोटं पत्रक. आमच्या ऑफिसच्या खालच्या दुकानात छापून घेतलं. काही प्रती तिनं स्वतः मेहरूणच्या गल्लीत वाटल्या, ज्या दारांतून टोमणे आले होते त्या दारांत आधी. पण त्याच्याही आधी, कामावर रुजू व्हायच्या सकाळी, ती फाटकाशी थांबली आणि पहिली प्रत तिनं मुकादमाच्या हातात दिली.

मुकादम अक्षराखाली बोट फिरवत हळू वाचतो. तिनं घाई केली नाही. त्याचं शेवटच्या शब्दापर्यंत वाचून होईतो ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि मग आत गेली.